जीभसाहेबांनी दूध सोडलं

मंगळवारी सकाळी त्यांनी चहाचा कप बोटांनी थोडा पुढं सरकवला आणि नुसता कोरडा ब्रेड चावत बसले.

"नासलंय का दूध?" बायकोनं विचारलं.

त्या घरात हा प्रश्न साधा नव्हता. गेली सव्वीस वर्षं ते डेअरीत दूध चाखायचं काम करत होते. सकाळी टँकर ओळीनं उभे राहिले की प्रत्येकातून नमुना काढायचा, तो गरम करून गार झाला की घोटभर तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, नाकातून हळूच श्वास सोडायचा आणि स्टीलच्या कुंडीत थुंकायचं. मग वहीत एकच शब्द: ठीक. किंवा आंबट, किंवा गंज, किंवा रानकांदा. फॅट मोजायला आणि पाणी मिसळलंय का ते सांगायला यंत्रं होती, पण कॅन उन्हात तासभर राहिला होता की गाईनं काही भलतंच खाल्लं होतं, हे यंत्रांच्या आधी त्यांना कळायचं. डेअरीत सगळे त्यांना जीभसाहेब म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं, पुढं खरं नावच कुणाला आठवेना म्हणून.

"नासलं नाही," ते म्हणाले.

"मग?"

"नको वाटतंय."

"बरं नाही का?"

"बरं आहे की."

"बरं आहे, दूध चांगलं आहे, मग नको का वाटतंय?"

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बायको घरीच शिवणकाम करायची. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटांची अस्तरं बदलणं, घट्ट झालेले कपडे सैल करणं. तिला प्रत्येक गोष्टीचं माप लागायचं. 'माहीत नाही' हे तिच्या दृष्टीनं मापच नव्हतं. तिनं कप उचलला, स्वतः एक घोट घेतला, नवऱ्याकडं पाहिलं आणि उरलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

मागच्या आठवड्यात एक गोष्ट घडली होती. पण तिचा याच्याशी संबंध होता की नाही, हे त्यांना नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. एका गोठ्याच्या दुधात त्यांना अशी चव लागली होती, जिला त्यांच्याकडं शब्द नव्हता. आंबट नाही, खारट नाही, औषधाची नाही. यंत्रं ठीक म्हणत होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, स्वतः घोट घेतला आणि म्हणाल्या, "मला तर काहीच लागत नाहीये." तरी जीभसाहेबांचा शब्द म्हणून दोघं गाडी काढून त्या गोठ्यावर गेले.

गोठा लख्ख होता. बादल्या पालथ्या घातलेल्या, नळ्या धुऊन टांगलेल्या. कोपऱ्यात एक गाय हंबरत होती. थांबायची, कान टवकारायची, पुन्हा हंबरायची.

"परवा वासरू विकलं तिचं," गोठ्याची मालकीण म्हणाली. "दोन-तीन दिवस ओरडते, मग विसरते. काल दुपारभर मीच बसले होते तिच्यापाशी."

बाई वाईट नव्हती. बोलताना तिचा हात गाईच्या मानेवरून फिरत होता. जीभसाहेबांनाही तेव्हा काही विशेष वाटलं नाही. असे गोठे आणि अशा गाई त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी चारा हुंगला, हौदातलं पाणी चाखलं, काही सापडलं नाही. परतताना मॅडम म्हणाल्या, "जीभही दमत असेल हो कधीतरी." विषय तिथंच संपला. त्यानंतर चार दिवस ते रोजच्यासारखा चहा पीत होते. पाचव्या दिवशी नको वाटला, एवढंच.

पण एकदा चहातलं दूध गेलं म्हटल्यावर बाकीच्या गोष्टीही हलायला लागल्या. बुधवारी ब्रेडवर लोणी लावता लावता सुरी थांबली. लोणी म्हणजे दूधच की. गुरुवारी चीज बाजूला काढलं. शुक्रवारी उकडलेलं अंडं हातात धरून ते बराच वेळ बघत बसले आणि शेवटी बायकोच्या ताटात ठेवलं. रविवारी तिनं कोंबडी भाजली होती. त्यांनी फक्त बाजूचे बटाटे घेतले, आणि तेही कोंबडीच्या रसात भिजलेले होते म्हणून दोनच खाल्ले.

"हे कुठपर्यंत जाणार आहे, ते एकदा सांगा," बायको म्हणाली. "म्हणजे मला कळेल."

"मलाही कळायला हवंय."

"मध चालतो?"

त्यांनी विचार केला. "नसावा."

"आणि हा कमरेचा पट्टा? चामड्याचा आहे. बूट चामड्याचे आहेत."

"ते मी कुठं खातो?"

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. हसली असती तर तिला हे मान्य आहे असा त्याचा अर्थ झाला असता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. आईनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही व्हीगन झालात?"

"मी काही झालेलो नाही. फक्त खात नाही."

"त्यालाच म्हणतात, बाबा."

"मग झालो असेन."

"पण का? डॉक्टरांनी सांगितलं? काही वाचलंत? काही बघितलंत?"

"अगं, सगळे हेच विचारतात. मला काही विचारून झालेलं नाही हे."

मुलगी उत्साही होती. तिनं तासाभरात अडतीस वस्तूंची यादी पाठवली. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको ती यादी घेऊन दुकानात गेले. अडतीसपैकी चौदा वस्तूंची नावं त्यांना वाचता आली नाहीत, अकरा दुकानात नव्हत्या, आणि ज्या मिळाल्या त्यांचं करायचं काय हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. एका पाकिटात बारीक काळं बी होतं. बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे पेरायचं की खायचं?"

मग लेबलं वाचायला सुरुवात झाली. बायकोनं सुईत दोरा ओवायचं भिंग बरोबर आणलं होतं. बटाट्याच्या वेफर्सवर 'दुधाचे घटक'. टोमॅटोच्या सॉसवर नाही. काळ्या चॉकलेटवर आहे. साध्या ब्रेडवर आहे!

"ब्रेडमध्ये कशाला दूध?" ती वैतागली.

"व्हे पावडर असते," ते म्हणाले. "चीज करून उरलेलं पाणी वाळवून करतात. बिस्किटात, वेफर्समध्ये, सगळीकडं घालतात." मग पाकीट फळीवर परत ठेवत म्हणाले, "आपल्याच डेअरीतून जाते. मागच्या गेटनं. पोत्यांनी."

दुकानातल्या त्या लांब ओळीत ते उभे राहिले आणि जिकडं बघावं तिकडं त्यांना ती मागच्या गेटची पोती दिसायला लागली. आठवडाभर आपण कोरडा ब्रेड खाऊन फार काही सोडलं असं समजत होतो, आणि ब्रेडमध्येही तेच. हसावं की चिडावं ते कळेना. त्यांनी बटाटे, केळी, जॅम आणि बिनदुधाचा एक दगडासारखा ब्रेड घेतला आणि घरी आले.

पुढचे पंधरा दिवस ते बटाटे, केळी, जॅम आणि त्या ब्रेडवर जगले. मध्ये एकदा बायकोनं राजमा केला, पण न भिजवता केला. दाणे कच्चे राहिले आणि त्यांचं पोट दोन दिवस जुन्या इंजिनासारखं गुरगुरत होतं. पँट कमरेतून सैल झाली. बायकोनं काही न बोलता ती घेतली, टाचण्या लावल्या आणि दीड इंच आत घेतली. टाचण्या लावताना तिचा चेहरा असा होता की त्यांना वाटलं, त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

ती बोलली ते चार दिवसांनी. "एकतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंत. एकदाही ताटात काही टाकलं नाहीत. आता माझ्याच स्वयंपाकघरात मला काय शिजवावं ते कळत नाही. माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार?"

"मग कुणाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही."

"कुणाचं चुकलं नाही, कुणी सांगितलं नाही, तुम्हाला आजार नाही. मग माणूस असं करतो का?"

ते स्वतःला हाच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारत होते. कधी वाटायचं, ती गाय. मग वाटायचं, छे, अशा किती पाहिल्या. कधी वाटायचं, वय झालं. कधी वाटायचं, सव्वीस वर्षं रोज चाळीस घोट, जिभेला वीट आला असेल. पण मग अंडं का? अंडं तर त्यांना फार आवडायचं. भाजलेल्या कोंबडीचा वास आला की अजूनही तोंडाला पाणी सुटायचं. आवडत होतं आणि नको होतं, दोन्ही एकदम. असं कुणाला सांगायचं?

त्यानंतर बायकोनं लाल भोपळ्याचं सूप करायला सुरुवात केली. भोपळा, बटाटा, मिरपूड. पहिल्या दिवशी तिनं वाडगा त्यांच्यापुढं ठेवला आणि हात पुसत समोरच उभी राहिली. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं. क्षणभर तसंच धरलं. वर पाहिलं. मग गिळलं आणि म्हणाले, "छान झालंय."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सूप ठरलेलं. घरात जरा शांतता आली. ती पुन्हा मशीनवर बसून गुणगुणायला लागली.

डेअरीत मात्र शांतता नव्हती. उपाहारगृहात त्यांनी तीन दिवस काळा चहा घेतला, तेवढ्यावरून बातमी फुटली.

"जीभसाहेब, ऐकतोय ते खरं का?" वजनकाट्यावरचा माणूस टेबलापलीकडून ओरडला. "दूधच सोडलंत म्हणे! उद्या मी वजन करणं सोडतो."

सगळे हसले. तेही हसले. पण दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या.

"तुमच्या ताटात काय असावं हा तुमचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "मला फक्त एक सांगा. जी गोष्ट आता नको वाटते, तिला जीभ न्याय देईल का? उद्या चांगलं दूधही तुम्ही परत पाठवाल अशी भीती आहे मला."

"आत्तापर्यंत तर तसं झालं नाही."

"झालं नाही. उलट," मॅडमनी वही उघडली, "मागच्या आठवड्यात तुम्ही परत पाठवलेले दोन्ही टँकर नंतर यंत्रानंही खराब ठरवले. तुमची जीभ जास्तच तिखट झालीय. तेच मला समजत नाही."

त्यांनाही समजत नव्हतं. दूध पिणं बंद केल्यापासून तोंडातला तो एक घोट मोठा वाटायचा, जणू कुणीतरी कानाजवळ येऊन बोलतंय. ते थुंकायचे, चूळ भरायचे, वहीत 'ठीक' लिहायचे. मग विचार यायचा की आपण हे चाखतोय म्हणजे घेतलंच की नाही? थुंकलं म्हणजे सोडलं का? आणि आपण 'ठीक' लिहिलं म्हणून जे हजारो लोक ते पितात, त्याचं काय? विचार इथवर आला की पुढचा टँकर लागलेला असायचा.

सातव्या आठवड्यात एका सकाळी ते नमुना घ्यायला टँकरच्या शिडीवर चढले. वरचं झाकण उघडायला वाकले आणि सगळं यार्ड भोवऱ्यासारखं गरगरलं. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि तिथंच फतकल मारून बसले. ड्रायव्हर आणि वजनकाट्यावरचा माणूस, दोघांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. मॅडमनी स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं.

बायकोनं दार उघडलं, मॅडमचं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं, निरोप दिला. मग स्वयंपाकघरात गेली आणि दुधाचा पेला भरून आणून नवऱ्यासमोर ठेवला.

"प्या."

"अगं…"

"कारण सांगा नाहीतर प्या. कारण असेल तर मी गप्प बसते. तुमच्याकडं कारणही नाही आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत वाळून चाललात."

तिच्यासाठी प्यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पेला उचललाही. मग परत खाली ठेवला. "रक्त तपासून येऊ," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं दूध घ्या, तर घेईन. शब्द देतो."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासलं, रक्त घेतलं आणि तीन दिवसांनी अहवाल घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. बाई तिशीच्या असतील. टेबलावर प्लास्टिकची फळं होती आणि एक खरं, अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी अहवाल वाचला आणि भुवया उंचावल्या.

"बी-बारा फार कमी आहे तुमचं. रक्तही थोडं कमी आहे."

"बघा!" बायको खुर्चीतल्या खुर्चीत उसळली. "मी सांगत होते!"

"काय काय खाणं बंद केलंय?"

"दूध, अंडी, मांस, मासे. सगळं."

"किती दिवस झाले?"

"सात आठवडे."

आहारतज्ज्ञ बाईंनी मान हलवली. "मग हे त्यामुळं नाही."

बायको गोंधळून त्यांच्याकडं बघायला लागली.

"बी-बाराचा साठा शरीरात असतो. खाण्यातून बंद झालं तरी तो संपायला वर्षं लागतात, सात आठवड्यांत एवढं खाली येत नाही. हे बऱ्याच आधीपासून चालू असणार." त्या जीभसाहेबांकडं वळल्या. "पायांना मुंग्या येतात?"

"येतात. वर्ष-दीड वर्ष झालं. मला वाटलं बूट घट्ट आहेत."

"म्हणून मी ते बूट दोनदा साच्यावर ताणून आणले!" बायको म्हणाली.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"ॲसिडिटीची एक. रोज सकाळी."

"कधीपासून?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. "आठ-नऊ वर्षं झाली असतील."

"ते असू शकतं. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की अन्नातलं बी-बारा शरीराला नीट घेता येत नाही. शिवाय वयाचाही भाग असतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. पण तुम्ही रोज दूध पीत होतात, अंडी खात होतात, तेव्हापासूनच हे खाली जात होतं."

बायकोच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू नीट मोजून कापलेली बाही अंगावर घातल्यावर आखूड निघावी. सात आठवडे तिच्याकडं एक पक्की गोष्ट होती, की हे सगळं त्या खाण्यानं होतंय. आता तीही गेली.

"पण मग हे असं खाणं…" तिनं वाक्य अर्धवट सोडलं. "चांगलं म्हणायचं का वाईट?"

"नीट केलं तर चांगलं. आत्ता काय खाता, ते सांगा."

त्यांनी सांगितलं. बटाटे, केळी, जॅम, ब्रेड, काळा चहा, संध्याकाळी सूप.

"हे काही खाणं नाही," आहारतज्ज्ञ बाई सरळ म्हणाल्या. "चक्कर यायला तुम्ही अर्धपोटी होतात हेही कारण असेल. प्रथिनं कुठायत? सूप कशाचं?"

"भोपळ्याचं. आणि…" जीभसाहेब थांबले.

"आणि?"

"भोपळा, बटाटा, मिरपूड," बायको घाईनं म्हणाली.

"आणि लोणी," जीभसाहेब हळू आवाजात म्हणाले. "मोठा चमचाभर. मागच्या सोमवारपासून सायही असते."

बायकोचे कान लाल झाले. तिनं पर्सचा बंद मुठीत आवळला. "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच चमच्याला."

"आणि तुम्ही महिनाभर खात राहिलात? बोलला नाहीत?"

"तू समोर उभी होतीस. इतकं मन लावून केलं होतंस. मला वाटलं, हिला कळू द्यायचं नाही. आणि मग रोजच…" त्यांनी हात पसरले. "काय करावं ते कळेना."

"मी रडत घालत होते हो ते लोणी," ती म्हणाली. "फसवतेय म्हणून रडत होते. आणि तुम्ही वर 'छान झालंय' म्हणायचात!"

"छानच होत होतं."

आहारतज्ज्ञ बाई एकदा यांच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी अर्धं सफरचंद ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि एक फॉर्म पुढं ओढला. "हे भरावं लागतं. आहार बदलण्याचं कारण. आरोग्य, धर्म, प्राण्यांबद्दलची भावना, इतर. काय लिहू?"

जीभसाहेबांनी फॉर्मवरचे चारही पर्याय बोट ठेवून वाचले.

"त्यांचं त्यांना माहीत नाही," बायको म्हणाली. आवाजात राग होता, पण तो आता नवऱ्यावर नव्हता. "इतर लिहा. आणि पुढं लिहा, माहीत नाही. माणसाला काही गोष्टी माहीत नसतात."

पुढचा पाऊण तास आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना खायला शिकवलं. अडतीस वस्तूंची गरज नव्हती. ताटात रोज एक काहीतरी डाळीचं किंवा कडधान्याचं असलं पाहिजे, मग मसूर, हरभरे, राजमा, सोयाबीन, काहीही. एक धान्याचं. बाकी अर्धं ताट भाज्या-फळांचं, त्यात हिरवं पान हवंच. वर लिंबू पिळायचं, म्हणजे डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर नाही, तासाभरानं. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड. सोयाचं दूध घ्यायचं तर कॅल्शियम घातलेलं, डबा हलवून. मीठ आयोडीनचं. आणि बी-बारा औषधातूनच, खाण्यातून ते पुरं व्हायचं नाही. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शनं, मग गोळी कायमची.

"कायमची?" बायकोनं विचारलं. "आणि उद्या यांनी पुन्हा दूध सुरू केलं तर?"

"तरी बहुतेक लागेलच."

"म्हणजे दूध प्यायले काय अन् नाही काय, गोळी आहेच," बायको स्वतःशीच म्हणाली, आणि बराच वेळ त्या प्लास्टिकच्या केळ्यांकडं बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं कपडे बेतायचा मोठा तपकिरी कागद टेबलावर पसरला, खडूनं ताटाएवढं वर्तुळ काढलं आणि त्याचे भाग पाडले. शिवणकामासारखं दिसल्यावर तिला धीर आला. रविवारी सकाळी दोन मोठी पातेली: एकात हरभरे, एकात मसूर. हरभरे शनिवारी रात्रीच भिजत टाकायचे. शिजवून डबे भरून ठेवायचे. मग रोज संध्याकाळी वीस मिनिटांचं काम. मसूर, टोमॅटो आणि पालक एकत्र उकळून भातावर. हरभरे कुस्करून, लिंबू-लसूण घालून ब्रेडवर. सकाळी ओट्स, केळं आणि शेंगदाण्याचं लोणी. स्वतःसाठी ती दुधाचा चहा करत राहिली, अंडंही खात राहिली. भोपळ्याचं सूपही पुन्हा झालं, या वेळी तेलावर. जीभसाहेबांनी चमचाभर घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आधीचं जास्त चांगलं होतं."

"माहितेय," ती म्हणाली. "गप खा."

इंजेक्शनांनी चक्कर गेली. मुंग्या लवकर गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. कामाचं मात्र काही सुटत नव्हतं. एका सकाळी त्यांनी मॅडमना अर्ज दिला: मला दुसरीकडं काम द्या. दुपारी जाऊन परत मागितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला.

"तुमचं नक्की काय ठरलंय?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही ठरलेलं. चाखायला नको वाटतं, आणि दुसरं काही येत नाही."

मॅडमनी अर्ज दोन दिवस टेबलावर ठेवला आणि मग त्यांना पाण्याच्या विभागात पाठवलं. डेअरीत दुधाहून जास्त पाणी लागतं. पाइप धुवायला, टाक्या धुवायला, बर्फाला. ते तपासायलाही माणूस हवाच होता. जीभसाहेब पाणी चाखू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांना इतकं चुकल्यासारखं झालं की ते दोनदा चुकून टँकरच्या ओळीत जाऊन उभे राहिले. आणि एखाद्या टँकरवरून वाद झाला की मॅडम अजूनही त्यांना बोलावत. ते जात, एक घोट घेत, थुंकत, सांगत. हे बरोबर की चूक, त्यांना कळत नव्हतं. जात मात्र होते.

शरद संपता संपता मुलीनं घर बदललं आणि सामान लावायला आई तिच्याकडं आठ दिवसांसाठी गेली. जाताना फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून गेली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मसूर करपवला आणि फोन केला. दुसऱ्या संध्याकाळी भातात पाणी जास्त झालं आणि फोन केला. तिसऱ्या दिवशी हरभरे भिजत टाकायचे राहिले म्हणून फोन केला, तर ती म्हणाली, "मग मसूर लावा, त्याला भिजवावं लागत नाही. किती वेळा सांगायचं?"

चौथ्या दिवशी त्यांचा फोन गेला नाही. साडेसात वाजता तिचाच आला.

"काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. जेवतोय."

"काय केलंत?"

"पांढरा राजमा. काल रात्रीच भिजवला होता. त्यात गाजर, टोमॅटो. पालक शेवटी टाकला."

"शेवटी टाकला?" ती म्हणाली. "मी तर आधीच टाकते."

"शेवटी टाकला की हिरवा राहतो."

"बरं. आणि लिंबू?"

"पिळलं."

"गोळी?"

"घेतली गं बाई."

मागून मुलीचा आवाज आला, ती काहीतरी कुठं ठेवू म्हणून विचारत होती. बायकोनं तिला उत्तर दिलं आणि फोन परत कानाला लावला. "हिच्याकडं आज केक होता," ती म्हणाली. "मी दोन तुकडे खाल्ले. आणि मग उगाच वाटलं, तुम्हाला न सांगता खाल्ले."

"त्यात काय सांगायचं? तुझा तू खा की."

"तेच ना. मला का वाटावं तसं?"

"मला काय माहीत?" जीभसाहेब म्हणाले.

पलीकडं ती हसायला लागली. या वेळी तिनं हसू दाबलं नाही. त्यांनी फोन खांद्याशी धरला आणि पातेल्यातला उरलेला राजमा वाडग्यात काढून घेतला.